मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय : मोक्षविचारातील ईश्वरकृपा व मानवी प्रयत्न

सारांश

मोक्ष हे मानवी प्रयत्नाचे फळ आहे की ईश्वरी कृपेचे दान आहे, हा धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत या प्रश्नावरून वडकलै आणि तेन्कलै असे दोन प्रवाह निर्माण झाले. त्यांची भूमिका अनुक्रमे माकडाच्या आणि मांजराच्या पिलाच्या दृष्टान्ताने सांगितली जाते. हे दृष्टान्त सुबोध असले तरी त्यांमुळे मूळ वादाचे स्वरूप काहीसे विपर्यस्त होते. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी, दोन्ही पक्षांची तात्त्विक मांडणी, तिचे नैतिक व सामाजिक परिणाम आणि अन्य धर्मपरंपरांतील समांतर विचार यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रपत्ती, शरणागती, आकिंचन्य, व्याज, निर्हेतुक कृपा, पारतंत्र्य, कैंकर्य.

प्रस्तावना

भारतीय दर्शनांमध्ये मोक्षप्राप्तीचे कर्म, ज्ञान आणि भक्ती हे तीन मार्ग सर्वपरिचित आहेत. या तिन्ही मार्गांत एक गृहीत समान आहे. साधक काहीतरी करतो आणि त्या करण्याच्या परिणामी तो मुक्त होतो. कर्मयोगी कर्म करतो, ज्ञानयोगी विचार करतो, भक्त उपासना करतो. परंतु ज्याला यांपैकी काहीही साधत नाही, त्याचे काय? ज्याला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, ध्यानासाठी सवड नाही, मनावर ताबा नाही आणि आयुष्याचे दिवसही फार उरलेले नाहीत, अशा माणसासाठी मोक्षाचे द्वार बंद आहे काय? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मध्ययुगीन भारतीय समाजातील बहुसंख्य स्त्रीपुरुष याच अवस्थेत होते. म्हणून मोक्ष मानवी सामर्थ्यावर अवलंबून आहे असे म्हणणे, याचा व्यवहारातील अर्थ तो मूठभरांसाठी आहे असाच होत असे.

दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांनी या प्रश्नाला ‘प्रपत्ती’ हे उत्तर दिले. प्रपत्ती म्हणजे स्वतःच्या सामर्थ्याचा भरवसा सोडून ईश्वराला संपूर्ण शरण जाणे. मात्र हे उत्तर दिल्याबरोबर त्यातूनच दुसरा प्रश्न उपस्थित झाला. शरण जाणे हीदेखील मानवी कृतीच नव्हे काय? असल्यास मोक्ष पुन्हा मानवी प्रयत्नावर येऊन ठेपतो. आणि नसल्यास ईश्वर एकाला तारतो व दुसऱ्याला तारत नाही, याचे कारण काय सांगावयाचे? या दुहेरी पेचातून श्रीवैष्णवांमधील वाद उभा राहिला.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. श्रीवैष्णव परंपरेतील प्रपत्ती या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. वडकलै व तेन्कलै या दोन प्रवाहांतील मतभेदाचे नेमके स्थान निश्चित करणे.
३. ईश्वरावरील संपूर्ण विश्वास माणसाला निष्क्रिय करतो काय, या आक्षेपाची तपासणी करणे.
४. या विचाराचा सामाजिक समतेशी असलेला संबंध आणि त्याच्या मर्यादा पाहणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत विवेचनासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून, आचार्यांच्या प्रमुख ग्रंथांतील सिद्धान्तांचा आशय स्वतंत्र शब्दांत मांडला आहे.

१. भक्तियोगाकडून प्रपत्तीकडे

श्रीवैष्णव परंपरा ‘उभयवेदान्त’ मानणारी आहे. संस्कृत उपनिषदे आणि आळ्वारांची तमिळ पदे या दोहोंना ती प्रमाण मानते. बारा आळ्वारांच्या पदांचा संग्रह ‘नालायिर दिव्यप्रबंधम्’ या नावाने ओळखला जातो. ‘नालायिरम्’ म्हणजे चार हजार. नम्माळ्वारांचे ‘तिरुवाय्मोळी’ हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे अंग. परंपरेनुसार नम्माळ्वार हे चतुर्थ वर्णात जन्मलेले होते. त्यांची वाणी वेदतुल्य मानली जाणे ही या परंपरेतील असाधारण गोष्ट आहे.

रामानुजाचार्य यांचा पारंपरिक काळ १०१७ ते ११३७ असा सांगितला जातो. ‘श्रीभाष्या’त त्यांनी भक्तियोगाचे जे स्वरूप सांगितले आहे, ते अत्यंत कठीण साधनेचे आहे. तेलाच्या अखंड धारेप्रमाणे न तुटणारे ईश्वरस्मरण म्हणजे भक्ती. तिला कर्मयोगाची आणि ज्ञानाची पूर्वतयारी लागते. शिवाय ती वेदाध्ययनावर आधारलेली असल्याने तिचा अधिकार पहिल्या तीन वर्णांतील पुरुषांपुरताच मर्यादित राहतो. प्रारब्धकर्म संपेपर्यंत अशा साधकाला अनेक जन्मही घ्यावे लागू शकतात.

याच रामानुजाचार्यांच्या नावावर असलेल्या ‘गद्यत्रया’त, म्हणजे शरणागतिगद्य, श्रीरंगगद्य आणि वैकुंठगद्य या तीन रचनांत, वेगळाच सूर आढळतो. तेथे साधनसंपन्न योगी नाही. सर्व अपराध कबूल करून श्रीरंगनाथाच्या पायाशी आलेला एक असहाय जीव आहे. त्यांचे पूर्वाचार्य यामुनाचार्य यांच्या ‘स्तोत्ररत्ना’तही आकिंचन्याचा, म्हणजे आपल्याजवळ काहीही नसल्याचा, हाच भाव आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील सहासष्टावा श्लोक श्रीवैष्णवांमध्ये ‘चरमश्लोक’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात सर्व धर्मांचा त्याग करून एका ईश्वराला शरण जाण्यास सांगितले आहे. ‘गीताभाष्या’त मात्र रामानुजाचार्य या त्यागाचा अर्थ कर्माचा त्याग असा न करता फल, कर्तृत्व इत्यादींचा त्याग असा करतात, आणि पर्यायी अर्थ म्हणून, भक्तियोगाच्या आरंभाला आड येणाऱ्या पापांच्या निवारणासाठी केलेली शरणागती असे सांगतात. एकाच आचार्याच्या ग्रंथांत भाष्यकाराची शिस्त आणि शरणागताची आर्तता या दोन्ही गोष्टी असल्यामुळे पुढील पिढ्यांना त्यांचा मेळ घालणे भाग पडले. नंतरच्या वादाचे बीज येथेच आहे, असे म्हणता येईल.

२. शरणागतीची अंगे

पांचरात्र आगमांमध्ये शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. ईश्वराला अनुकूल असे वागण्याचा संकल्प, प्रतिकूल वर्तनाचा त्याग, तो आपले रक्षण करीलच असा विश्वास, रक्षणकर्ता म्हणून त्याची निवड, आत्मनिक्षेप म्हणजे स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे, आणि कार्पण्य म्हणजे दैन्याची जाणीव. प्रपत्तीचा अधिकारी होण्यास जन्म, लिंग, विद्या किंवा वित्त यांची अट नाही. आकिंचन्य आणि अनन्यगतित्व, म्हणजे आपल्याजवळ दुसरे साधन नाही आणि आपल्याला दुसरा आश्रय नाही, एवढ्या दोनच अटी आहेत. अन्य मार्गांत जी अपात्रता ठरते, तीच येथे पात्रता ठरते. या उलटापालटीतच प्रपत्तीच्या विचाराचे सामर्थ्य आहे.

विश्वास अर्धा असता कामा नये, हे सांगण्यासाठी आचार्य रामायणातील एका प्रसंगाचा आधार घेतात. इंद्रजिताने हनुमंताला ब्रह्मास्त्राने बांधले. परंतु राक्षसांचा त्या अस्त्रावर पुरता विश्वास नसल्याने त्यांनी वरून दोरखंडही आवळले. दुसरे बंधन पडताच ब्रह्मास्त्र निघून गेले. शरणागतीचेही तसेच आहे. तिच्या जोडीला ‘असू द्यावे’ म्हणून दुसरे साधन घेतले की ती शरणागती राहत नाही.

३. दोन दृष्टान्त आणि त्यांची मर्यादा

माकडीण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेते तेव्हा तिचे पिलू तिच्या पोटाला घट्ट बिलगून असते. वाहून नेण्याचे बळ आईचे असले तरी पकड पिलाची असते. मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही. आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित जागी नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय वडकलै मताचा आणि दुसरा मार्जारकिशोरन्याय तेन्कलै मताचा निदर्शक मानला जातो. ‘वडकलै’ म्हणजे उत्तरेकडील आणि ‘तेन्कलै’ म्हणजे दक्षिणेकडील विद्या. कांचीपुरम हे पहिल्याचे आणि श्रीरंगम हे दुसऱ्याचे केंद्र मानले जाते. वडकलै पक्ष आपली मांडणी वेदान्तदेशिक यांच्यापासून घेतो. त्यांचा पारंपरिक काळ १२६८ ते १३६९ असा आहे. तेन्कलै पक्ष पिळ्ळै लोकाचार्य आणि त्यांचे भाष्यकार मणवाळ मामुनी (१३७०-१४४३) यांना प्रमाण मानतो. दोन स्वतंत्र पंथ म्हणून त्यांची फारकत मात्र या आचार्यांनंतर पुष्कळ काळाने पूर्ण झाली.

या दृष्टान्तांवरून असा समज होतो की, वडकलै मत मानवी प्रयत्नावर आणि तेन्कलै मत निष्क्रियतेवर भर देते. हा समज तपासून घेणे आवश्यक आहे. माणूस स्वतःच्या बळावर मुक्त होऊ शकत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. नारायण हाच सिद्धोपाय, म्हणजे आधीपासून सज्ज असलेला उपाय आहे, हेही दोघांना मान्य आहे. मतभेद आहे तो एका लहानशा जागेपुरता. माणसाच्या बाजूने होणाऱ्या शरणागतीला कारणाचे स्थान द्यावयाचे की नाही, एवढाच तो मुद्दा आहे. परंतु ही लहान जागाच निर्णायक ठरते.

४. वेदान्तदेशिकांची भूमिका : निमित्तमात्र प्रयत्न

‘रहस्यत्रयसार’ या ग्रंथात वेदान्तदेशिकांनी प्रपत्तीची सविस्तर मांडणी केली आहे. त्यांच्या मते वर उल्लेखिलेल्या सहा अंगांपैकी पाच ही अंगे असून आत्मनिक्षेप हा अंगी आहे. त्याचे मर्म ‘भरन्यास’ या शब्दात आहे. स्वतःच्या रक्षणाचा भार माणसाने एकदा ईश्वरावर ठेवला की पुन्हा त्याची चिंता वाहावयाची नाही.

ही कृती ईश्वरी कृपेचे मूल्य नव्हे. ती केवळ ‘व्याज’, म्हणजे निमित्त आहे. ईश्वराची दया स्वभावसिद्ध आहे. परंतु ती प्रकट होण्यास काहीतरी निमित्त हवे. देशिकांना हा आग्रह का धरावा लागला? कारण ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोष येऊ नयेत याची काळजी घेतलेली आहे. कोणत्याही निमित्तावाचून ईश्वर एकाला मुक्त करीत असेल, तर दुसऱ्याला बद्ध ठेवण्याचा दोष त्याच्यावर येतो. तसेच विनाकारण कृपा होत असेल तर ती अनादिकाळापासून सर्वांवर का झाली नाही, याचे उत्तर देता येत नाही. म्हणजे देशिकांना रक्षण करावयाचे आहे ते ईश्वराच्या न्यायीपणाचे. माणसाच्या अभिमानाचे नव्हे. शरण जाण्याची बुद्धी आणि शक्तीसुद्धा ईश्वराकडूनच येते, असे ते मानतात.

५. पिळ्ळै लोकाचार्यांची भूमिका : धन्याने घेतलेला शोध

‘श्रीवचनभूषणम्’ आणि ‘मुमुक्षुप्पडि’ या ग्रंथांत पिळ्ळै लोकाचार्यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. त्यांच्या मते उपाय एकच आणि तो म्हणजे ईश्वर. शरणागतीला उपाय मानणे हा सूक्ष्म अहंकार होय. ‘मी शरण गेलो, म्हणून तरलो’ या वाक्यातील ‘मी’ अजून जिवंतच आहे. मनुष्याने करावयाचे ते एवढेच की, ईश्वर रक्षणासाठी पुढे आला असता नकार देऊ नये.

या भूमिकेमागे जीवाच्या स्वरूपाविषयीचा एक विचार आहे. जीव हा ईश्वराचा ‘शेष’, म्हणजे त्याच्या मालकीची वस्तू आहे. आपली वस्तू हरवली तर धनी तिचा शोध घेतो. वस्तू धन्याचा शोध घेत नाही. वस्तू सापडली याचे श्रेय वस्तूकडे जात नाही. म्हणून जीवाने ईश्वराला स्वीकारणे हे गौण असून ईश्वराने जीवाला स्वीकारणे हे मुख्य आहे. स्वतःच्या रक्षणासाठी धडपडणे हे जीवाच्या पारतंत्र्याशी, म्हणजेच त्याच्या खऱ्या स्वरूपाशी विसंगत आहे. लोकाचार्य येथे सीता आणि द्रौपदी यांची उदाहरणे देतात. सीतेच्या ठायी स्वतःचे रक्षण करण्याची शक्ती होती. तिने ती वापरली नाही आणि ती श्रीरामाची वाट पाहत राहिली. द्रौपदीने भर सभेत लज्जा सोडली, वस्त्र धरलेले हात सोडले आणि धावा केला. एकीने शक्ती सोडली, दुसरीने लज्जा सोडली. दोघींनीही स्वतःचा भरवसा सोडला.

दोन्ही आचार्यांमधील फरक ‘वात्सल्य’ या गुणाच्या स्पष्टीकरणात अधिक स्पष्ट होतो. देशिकांच्या मते वात्सल्यामुळे ईश्वर शरणागताचे दोष दृष्टीआड करतो. तेन्कलै मतानुसार नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावरचा मळ गाय जशी आवडीने चाटते, तसे ईश्वराला शरणागताचे दोषच प्रिय होतात. पहिल्यात क्षमा आहे. दुसऱ्यात क्षमेची भाषाच मागे पडली आहे. लक्ष्मीच्या स्थानाबाबतही असाच भेद आहे. जीवाच्या वतीने ईश्वराकडे रदबदली करणारी, म्हणजे ‘पुरुषकार’ म्हणून दोघेही तिला मानतात. वडकलै मात्र तिला नारायणाच्या बरोबरीने उपायही मानतात.

६. विश्वास आणि निष्क्रियता

मोक्ष केवळ कृपेने मिळत असेल तर सदाचाराची गरज काय, हा आक्षेप या मतावर नेहमी घेतला जातो. देशिकांचे उत्तर असे की, नित्यनैमित्तिक कर्मे ही ईश्वराची आज्ञा आहे. मोक्षाचे साधन म्हणून नव्हे, तर आज्ञापालन म्हणून ती करावयाची. न केल्यास दोष लागतो. तेन्कलै आचार्य कर्माकडे कैंकर्य, म्हणजे प्रेमाने केलेली सेवा, आणि लोकसंग्रह या दृष्टीने पाहतात. दोन्ही मतांत कर्म टिकून राहते. त्याचा हेतू मात्र बदलतो. फळाची चिंता करणारा कामकरी जाऊन त्या ठिकाणी निश्चिंत सेवक येतो.

या उत्तराची खरी कसोटी ग्रंथात नव्हे, तर इतिहासात लागली. १३११ मध्ये मलिक काफूरच्या आणि १३२३ मध्ये उलुघ खानाच्या नेतृत्वाखाली दिल्लीच्या सैन्याने दक्षिणेवर स्वारी केली. श्रीरंगमच्या मंदिरावर संकट आले तेव्हा, परंपरेच्या सांगण्याप्रमाणे, वृद्ध पिळ्ळै लोकाचार्य श्रीरंगनाथाची उत्सवमूर्ती घेऊन काही सोबत्यांसह बाहेर पडले. प्रवासाचे कष्ट न सोसून मदुरैजवळ त्यांचा अंत झाला. त्याच संकटात वेदान्तदेशिकांनी श्रीभाष्यावरील ‘श्रुतप्रकाशिका’ या टीकेचे हस्तलिखित आणि टीकाकार सुदर्शनसूरी यांचे दोन पुत्र यांचे रक्षण केले आणि सत्यमंगलम येथे आश्रय घेतला, असे सांगितले जाते. अनेक ठिकाणी फिरल्यानंतर विजयनगरच्या काळात, १३७१ मध्ये मूर्ती श्रीरंगमला परत आली.

रक्षण करणारा एक ईश्वरच, असे आयुष्यभर शिकविणारा आचार्य त्याच ईश्वराच्या मूर्तीच्या रक्षणासाठी म्हातारपणी रानोमाळ हिंडला. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. परंतु तेन्कलै विचाराच्या अंगाने ती सुसंगतच आहे. स्वतःच्या मोक्षाची काळजी उरलेली नसल्याने सगळी शक्ती सेवेसाठी मोकळी झाली होती. ईश्वरावरील भरवसा म्हणजे हातपाय गाळणे, ही टीका या आचार्यांना तरी लागू पडत नाही.

७. सामाजिक आशय आणि त्याच्या मर्यादा

रामानुजाचार्यांविषयीची एक कथा प्रसिद्ध आहे. तिरुकोष्टियूर येथे गुरूंकडून अष्टाक्षर मंत्राचे रहस्य मिळाल्यावर, ते कोणाला सांगितल्यास नरकात जावे लागेल हे ठाऊक असूनही, त्यांनी लोकांना एकत्र बोलावून ते उघड केले. एवढ्या लोकांचा उद्धार होत असेल तर आपण एकट्याने नरकात जाण्यास हरकत नाही, असा त्यांचा विचार होता. ही कथा चरित्रग्रंथांतील असली तरी परंपरेने ती अभिमानाने जपली आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तात्त्विक पातळीवर पिळ्ळै लोकाचार्यांनी भक्ताच्या जातीची चिकित्सा करणे हा गंभीर अपराध मानला. त्यांचे बंधू अळगिय मणवाळ पेरुमाळ नायनार यांनी ‘आचार्यहृदयम्’ या ग्रंथात नम्माळ्वारांचा जन्म आणि त्यांची वाणी यांचे मोठेपण प्रतिपादन केले. वेदान्तदेशिकांनी भक्त कोणत्याही जातीचा असो, तो आदरणीय आहे असे मानले. मात्र देह असेपर्यंत वर्णव्यवस्थेतील भेद कायम राहतात, अशी भूमिका घेतली.

प्रत्यक्ष व्यवहार या दोन्ही भूमिकांच्या मागे राहिला. दोन्ही प्रवाहांचे नेतृत्व मुख्यतः ब्राह्मण आचार्यांकडेच राहिले. कृपेच्या स्वरूपावरून सुरू झालेला वाद पुढे कपाळावरील तिलकाचा आकार आणि मंदिरातील पठणाचा मान यांवर आला. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातील असे तंटे न्यायालयापर्यंत गेले. माणसाच्या बाजूने काहीही श्रेय उरत नाही, असे सांगणाऱ्या सिद्धान्ताचे अनुयायी मानपानासाठी भांडत राहिले, हा इतिहासाचा उपरोध होय. २०२२ मध्ये हैदराबादजवळ मुचिंतल येथे रामानुजाचार्यांची २१६ फूट उंचीची ‘समतेची मूर्ती’ उभारण्यात आली. तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये विविध जातींतील प्रशिक्षित अर्चकांच्या मंदिरांत नियुक्त्या केल्या. प्रपत्तीने तत्त्वतः जे दार उघडले होते, ते गाभाऱ्यापर्यंत उघडण्यास किती काळ लागला, हे यावरून लक्षात येते.

८. महाराष्ट्रातील भक्तिविचार

पद्मपुराणातील भागवतमाहात्म्यात भक्तीचे रूपक आहे. भक्ती द्रविड देशात जन्मली, कर्नाटकात वाढली आणि महाराष्ट्रातही काही ठिकाणी रमली, असे तेथे म्हटले आहे. या दृष्टीने चरमश्लोकाचा महाराष्ट्रात काय अर्थ लावला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील. म्हणजे ती स्थूलमानाने लोकाचार्य व देशिक यांच्या काळातीलच आहे. ज्ञानदेवांनी या श्लोकावर केलेले विवरण मात्र अद्वैताच्या अंगाने जाते. आपले वेगळेपण शिल्लक ठेवून शरण जाणे त्यांना अपुरे वाटते. ईश्वराशी एकरूप होणे हीच त्यांच्या मते खरी शरणागती. श्रीवैष्णव आचार्य सेवक आणि स्वामी यांचे नाते शेवटपर्यंत टिकवतात. ज्ञानदेव ते नाते ऐक्यात विरघळवतात. परंतु ‘मी केले’ हा भाव संपला पाहिजे, याविषयी दोघांचेही एकमत आहे.

सामाजिक बाजूने पाहता येथील अनुभवही दक्षिणेहून फार वेगळा नाही. विठ्ठलाच्या कृपेवर सर्वांचा सारखाच हक्क आहे, असे वारकरी संतांनी सांगितले. तरीही चोखोबांना मंदिराबाहेरच राहावे लागले आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर झाली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ईश्वराच्या दयेला अट नाही हे मान्य करणाऱ्या समाजानेही तिच्या वाटेवर स्वतःच्या अटी घातल्या.

९. अन्य परंपरांतील समांतर विचार

ख्रिस्ती धर्मविचारात हाच प्रश्न पाचव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला. पेलेजियस या तपस्व्याच्या मते ईश्वराने आज्ञा दिली आहे, त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसाला दिली आहे. कृपेवर फार भर दिल्यास लोक शिथिल होतील, अशी त्याला भीती होती. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याचे उत्तर असे की, मानवी इच्छाशक्तीच पापाने दुबळी झालेली आहे. म्हणून चांगले इच्छिण्यासाठीसुद्धा कृपा आधी हवी. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलेजियसचे मत अमान्य केले. तरीही, आरंभीचे पाऊल माणसाचे की ईश्वराचे, हा वाद चालूच राहिला आणि ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेला आरंभही कृपेचाच असल्याचे सांगावे लागले. सोळाव्या शतकात इरॅस्मस आणि मार्टिन ल्यूथर यांच्यात १५२४-२५ मध्ये मानवी इच्छास्वातंत्र्यावरून झालेला वाद याच मालिकेतील आहे. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त निवेदन स्वीकारले. तारण कृपेनेच होते, माणसाच्या गुणवत्तेने नव्हे, हे त्यात दोघांनीही मान्य केले.

जपानमधील बौद्ध आचार्य शिनरान (११७३-१२६३) यांनी ‘स्वबळ’ आणि ‘परबळ’ असा भेद करून अमिताभ बुद्धाच्या संकल्पावर संपूर्ण भिस्त ठेवण्यास सांगितले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ओटो यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील कृपाधर्माची ख्रिस्ती धर्माशी तुलना केली.

या साम्यांमुळे भेद विसरून चालणार नाही. ऑगस्टीनच्या विचारात माणसाची असमर्थता मूळ पापातून येते. लोकाचार्यांच्या विचारात ती जीवाच्या परतंत्र स्वरूपातून येते. म्हणून पहिल्यात असमर्थता ही जखम आहे, तर दुसऱ्यात ती नात्याची खूण आहे. शिनरान यांच्या विचारात तर सृष्टिकर्ता ईश्वरच नाही. मात्र तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. कृपेचा विचार जेव्हा जेव्हा पूर्णत्वास नेला जातो, तेव्हा ईश्वराच्या न्यायाचा आणि माणसाच्या जबाबदारीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

निष्कर्ष

१. मर्कटकिशोरन्याय व मार्जारकिशोरन्याय हे दृष्टान्त श्रीवैष्णवांतील मतभेदाचे स्थूल चित्र देतात. प्रयत्नवाद विरुद्ध निष्क्रियता असे त्या मतभेदाचे स्वरूप नाही. स्वबळाचा भरवसा सोडावा याविषयी दोन्ही पक्ष सहमत असून, शरणागतीला निमित्ताचे स्थान आहे की तेही नाही, एवढाच वाद आहे.

२. वेदान्तदेशिकांच्या मांडणीत ईश्वराचा न्याय सुरक्षित राहतो. पिळ्ळै लोकाचार्यांच्या मांडणीत कृपेचे निरपेक्षत्व सुरक्षित राहते. एकाचे रक्षण करताना दुसऱ्यावर ताण येतो. हा ताण या परंपरेपुरता मर्यादित नसून कृपाप्रधान धर्मविचाराचा तो अंगभूत भाग आहे.

३. ईश्वरावरील संपूर्ण विश्वास कर्माचा लोप करीत नाही. तो कर्मामागील भय आणि फलाची चिंता दूर करतो. श्रीरंगमवरील संकटकाळात दोन्ही आचार्यांविषयी परंपरेने जपलेल्या आठवणी याला पुष्टी देतात.

४. मोक्षासाठी मानवी गुणवत्तेची अट काढून घेतली की जन्माधिष्ठित उच्चनीचतेचा धार्मिक आधार निखळतो. परंतु हा परिणाम आपोआप घडून येत नाही. श्रीरंगम असो वा पंढरपूर, कृपेचा सिद्धान्त आणि समतेचा व्यवहार यांत अनेक शतकांचे अंतर राहिले. मोक्षाच्या बाबतीत मनुष्य ईश्वरावर विसंबू शकतो. सहमानवांना न्याय देण्याचे काम मात्र त्याला स्वतःच्याच हातांनी करावे लागते, आणि तेथे निमित्त सांगून चालत नाही.